उलटी फीत

अमरिलो, मे १९६८

वर्नन,

आपला अल्बम घरी पोचला. मधे मी फ्रेस्नोत पीच तोडत होतो, तिथला मुकादम अकॉर्डियन झकास वाजवायचा, पण ते राहू दे. हे पत्र मी टाकणार नाही, म्हणून खरं लिहितो.

माझ्या आईवरचं माझं गाणं ऐकवताना रेकॉर्डिंग करणाऱ्या लॉईडने चुकून फीत उलटी लावली, आणि स्टुडिओत तू खुर्चीवरून उडालास. "हेच! असंच ठेवायचं!"

मी म्हणालो, "दादा, एक शब्द कळत नाहीये."

"बाळ्या, शब्द पोस्टमनला लागतात."

सगळे खिदळले. मीही हसलो, तेच अजून टोचतं.

काल बाबांनी रेकॉर्ड लावली. ते गाणं आलं तशी म्हणाले, "हे कुठलं कुत्रं रडतंय?"

"मीच, बाबा. उलटा. आईच्या शेवटच्या आठवड्याचं आहे."

ते तबकडीवर बोट ठेवून ती मागे फिरवू लागले. सुई खरवडत होती, पण "मेबल" हे आईचं नाव स्पष्ट ऐकू आलं. त्यांनी पुन्हा फिरवलं, मग पुन्हा. जेवणाच्या वेळेपर्यंत तिथे नुसती खरखर उरली.

आज त्यांनी दुसरी प्रत आणायला पाठवलं. दुकानदार म्हणाला, "ते उलटं गाणंच पोरं सारखं लावायला सांगतात." म्हणजे तुझंच बरोबर होतं. त्यासाठी मी तुला कधीच माफ करणार नाही.

आता तुझ्या बँडमध्ये नसलेला,
क्लाईड