उन्नतीचं पळणं थांबवण्याबाबत

१४ सप्टेंबर, सकाळी

हितेशने, म्हणजे माझ्या नातवाने, त्याचा जुना मोबाइल दिला. बटण दाबून बोलायचं, तो लिहून ठेवतो. तारीखही तोच घालतो. आपली आगरी बोली त्याला झेपत नाही, म्हणून शाळेतल्यासारखं बोलायचं. मी शाळा बाहेरूनच बघितली, तरी जमतंय. हे कोणी वाचायचं नाही. मलाही वाचता येत नाही, म्हणजे गुपित पक्कं.

मुद्दा असा. नातसून उन्नती गरोदर आहे. तिसरा महिना संपत आला. सुकटीच्या वासाने स्वयंपाकघरातून बाहेर पळाली तेव्हाच मी ओळखलं होतं. ते पळणं ठीक. पण ही रोज पहाटे उठून मुद्दाम पळते. तळवलीच्या तलावाला चार फेऱ्या, मागे कोणी लागलेलं नसताना. खारघरची मुलगी, लग्नाआधी तिकडची टेकडी पळत चढायची. आमच्या घरात आली तेव्हा मी काही बोलले नाही. मी कोणाच्या मध्ये पडत नाही. पण आता पोटात आमचं माणूस आहे.

ठरवलं. आठ दिवसांत बंद करायचं. गोडीने. या घरात माझा शब्द शेवटचा असतो.

१४ सप्टेंबर, संध्याकाळी

बोलले. हितेश म्हणाला, आजी, डॉक्टर मॅडमनी हो म्हटलंय, आधीपासून पळणाऱ्या बाईला चालतं. मी विचारलं, तुमच्या मॅडमनी किती पोरं काढली? म्हणाला, हजार तरी असतील. मी म्हटलं, स्वतःची विचारतेय. त्यावर त्याने टीव्ही लावला.

माझा शब्द शेवटचाच ठरला. पुढे कोणी बोललंच नाही.

१६ सप्टेंबर

बूट तांदळाच्या पिंपात लपवले. पहाटे दार वाजलं. उन्नती दुसरे बूट घालून गेली, तिसरे दाराशी होतेच. एका बाईला बुटांचे तीन जोड. माझ्या लग्नात मला चपला नव्हत्या, हे सांगायला दारात गेले, तोवर ती वळणापलीकडे.

१८ सप्टेंबर

कमळाकर, माझा मुलगा, जेवताना म्हणाला, भाताला कसला वास येतोय? मी म्हटलं, नवा तांदूळ हाय. दुपारी उन्नतीने पिंपात हात घालून बूट काढले, झटकले, आणि म्हणाली, आजी, बासमतीत ठेवले असते तर मला पण वास आवडला असता.

चिडली नाही. ही चिडत नाही, तेच अवघड आहे. चिडणारी सून मी एका दुपारी सरळ केली असती.

२ ऑक्टोबर

नवा बेत. माझी जुनी मैत्रीण भागीरथी, तिचं घर तलावाच्या कोपऱ्यावर. तिला ओट्यावर बसवलं. म्हटलं, पोरगी आली की हाक मारायची, चौकशी करायची, बसवून घ्यायची. गप्पांत अर्धा तास गेला की ऊन चढतं, मग कोण पळतंय. भागीरथी गप्पांत कोणाला हरत नाही. बेत पक्का.

११ ऑक्टोबर

भागीरथी फितूर. उन्नतीला लिंबूपाणी देते. वरून ओरडते, चल गो बाय, एकच फेरी राहिली.

जाब विचारायला गेले. म्हणाली, गोजरे, पोरीशी बोलता बोलता मीच अर्धी फेरी चालून आले, गुडघ्याला बरं वाटलं. तिने लुगड्याखाली पांढरे बूट घातलेत. जावयाने आणले. कोळंबीच्या ढिगावर बगळा बसावा तशी दिसते.

मी म्हटलं, आपल्या वेळी पोटुशी बाई अशी उंडारत नव्हती, आराम करायची. भागीरथी हसत सुटली. म्हणाली, तू आराम? नववा लागला तरी मिठागरात मीठ ओढत होतीस. कमळाकर व्हायच्या दिवशी टोपली डोक्यावरून मीच उतरवली तुझ्या.

भागीरथीला हल्ली काही नीट आठवत नाही. वय झालं तिचं. माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे.

८ नोव्हेंबर

तपासणीला सोबत गेले, वाशीला. मॅडमच्या कानावर सगळं घालायचं हाच हेतू. घातलं. मॅडम मन लावून ऐकत होत्या. मग उन्नतीला म्हणाल्या, पळताना बोलता आलं पाहिजे, दम लागला की चालायचं. चक्कर आली, पोटात दुखलं, रक्त दिसलं, तर लगेच बंद आणि मला फोन.

मी म्हटलं, ऐकलंस ना, बंद म्हणाल्या. मॅडम म्हणाल्या, आजी, मी ‘तर’ म्हटलं. मग माझाच हात धरून ब्लडप्रेशर बघितलं आणि विचारलं, तुम्ही दिवसातून किती चालता? मी म्हटलं, घरभर चालते. उन्नती खिडकीबाहेर बघत होती.

येताना एका गोळीची चिठ्ठी मिळाली. उन्नतीला नाही. मला.

२५ नोव्हेंबर

स्वतः पाळतीवर गेले. रिक्षा केली. ड्रायव्हर ओळखीचा, साताऱ्याकडचा, ज्योतिबा. म्हटलं, त्या निळ्या टी-शर्टच्या मागे चल. त्याने दोनदा विचारलं, आजी, काय चोरलं काय तिनं?

उन्नती इतकी सावकाश पळते की रिक्षा तिसऱ्या मिनिटाला बंद पडली. मागे दोन स्कूलबस आणि एक टेम्पो. हॉर्न सुरू. उन्नती मागे आली, रिक्षात डोकावली. म्हणाली, आजी, तुम्ही पुढे व्हा ना, मी तुमच्या मागे येते.

तिला दम लागला नव्हता. मला लागला होता, बसून.

१६ डिसेंबर, मंगळवार

माणसांचे उपाय संपले. आज गावदेवीला गेले. गोटीराम पुजारी आत होता, त्याला बाहेर घालवलं. त्याने विचारलं, कशाचा नवस? म्हटलं, घरगुती.

देवीसमोर स्पष्ट बोलले. आये, उन्नतीचं पळणं थांबव, तुला कोंबडा आणि पाच नारळ देईन. एवढंच. लांबण लावली नाही. देवीलाही कामं असतात.

मन हलकं झालं. आता मी बघणारसुद्धा नाही ती पळते की नाही.

१७ डिसेंबर

बघितलं. पळाली. नवसाला वेळ द्यावा लागतो.

३ जानेवारी, पहाटे

उन्नतीला रक्त दिसलं. पळायला गेली नव्हती, झोपेतून उठली तेव्हाच. हितेश गाडी काढतोय. मला नको म्हणाले, गाडीत तिला आडवं करायचं आहे.

३ जानेवारी, दुपारी

फोन नाही.

३ जानेवारी, संध्याकाळी

बाळ ठीक आहे. तीही ठीक. दवाखान्यात ठेवून घेतलंय.

५ जानेवारी

घरी आणली. बाळाची वार पिशवीत खाली सरकलेली आहे म्हणे. हितेशने मॅडमना सरळ विचारलं, पळण्यामुळे झालं का? म्हणाल्या, नाही, वार कुठे धरावी ते कोणाच्या हातात नसतं, पलंगावर पडून राहणाऱ्या बायांनाही होतं. पण आता पळणं बंद. चालणंही बाथरूमपुरतं. पाच आठवड्यांनी सोनोग्राफी, तोवर जेवढे दिवस पोटात राहील तेवढे कमावलेले.

म्हणजे उन्नतीचं पळणं थांबलं.

मी मागितलं होतं तेच झालं. शब्दाला शब्द.

६ जानेवारी

 मॅडमना माझा नवस ठाऊक नाही, म्हणून त्या वारेचं बोलतात.

सकाळीच गोटीरामकडे गेले. म्हटलं, नवस परत घ्यायचा हाय. तो म्हणाला, काकी, पावलेला नवस परत कसा घेणार? फेडायचा असतो. कोंबडा कधी आणताय? मी म्हटलं, कोंबडा नाय आणणार. आणला तर मीच हे मागितलं यावर सही केल्यासारखं होईल. तो म्हणाला, मग दुसरा नवस करा, पहिल्यावर मात करणारा.

बसले देवीसमोर. बाळ सुखरूप असू दे म्हणायला तोंड उघडलं, मग वाटलं, आईचं राहिलं. आई आणि बाळ दोघं. पण कधी? वेळेवर. पण वेळेवर म्हटलं आणि उद्याच वेळ आणली तर? नऊ महिने भरून म्हणावं. तर मग त्या नऊ महिन्यांत तिला काही होऊ नये. जमिनीचा सिडकोशी कागद करताना कमळाकर असाच एकेक शब्द तपासत होता. मला कागद कळत नाही, आणि देवी बोललेलं अक्षर सोडत नाही, हे परवा बघितलं.

काही न मागता उठून आले. आयुष्यात पहिल्यांदा.

९ जानेवारी

उन्नती रडत नाही. भिंतीकडे तोंड करून असते. मी पेज नेली, दोन घोट घेतले. बारीक कोळंबीचा कोलीम तळून नेला, एरवी वास आला तरी पळायची, आज म्हणाली, राहू दे आजी. नाक मुरडलं असतं तर बरं वाटलं असतं.

तिचे बूट दाराशी होते. मी पुसून ठेवले. मग वाटलं डोळ्यांसमोर नकोत, आत ठेवले. मग वाटलं लपवले असं वाटेल, पुन्हा दाराशी ठेवले. दिवस असा गेला.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळाचे लाडू घेऊन तिच्या खोलीत गेले आणि सगळं सांगून टाकलं. देवी, कोंबडा, पाच नारळ, सगळं. म्हटलं, तुझं पळणं मी थांबवलं, बाय. मना माफ कर.

ती भिंतीकडून माझ्याकडे वळली. मग म्हणाली, आजी, तुम्ही बूट लपवलेत, माणसं बसवलीत, रिक्षा लावलीत. एकदा तरी तुमचं काही यशस्वी झालं का? मी म्हटलं, नाय. म्हणाली, मग हेच कसं होईल? माझी वार तुमचं ऐकते, असं तुम्हाला वाटतं?

ऐकायला कडू होतं. तरी मी लाडू खाल्ला. दोन खाल्ले.

मग तिने हातातलं घड्याळ काढून माझ्या मनगटावर बांधलं. म्हणाली, मला जाता येत नाही. तुम्ही जा रोज तलावाला. एक फेरी. मला येऊन सांगायचं काय काय दिसलं. तेवढी तरी भरपाई करा.

शिक्षा योग्य आहे. एकच का, दोन फेऱ्या मारीन.

१५ जानेवारी

फेरी झाली. उन्नतीला सांगितलं, पाण्यावर धुकं होतं, दोन पाणकोंबड्या होत्या, भागीरथीने नवी कवळी बसवलीय. तिने विचारलं, पलीकडच्या पायऱ्यांवर ते म्हातारे बाबा व्यायाम करतात का अजून? म्हटलं, करतात. थोडं कण्हत करतात.

पेज पूर्ण प्यायली.

१७ जानेवारी

दोन फेऱ्या. बाबांनी आज लाल टोपी घातली होती. चिंचेखाली कुत्रीला पाच पिल्लं झालीत. उन्नतीने रंग विचारले, सांगितले.

गुडघा अजिबात दुखत नाही. भागीरथी उगाच बुटांचं कौतुक करते. इच्छाशक्ती हवी.

२० जानेवारी

चार फेऱ्या. उन्नती पळायची तेवढ्याच. हितेशला सांगितलं तर तो खोकला. हेवा.

२२ जानेवारी

आज उन्नतीने उशाचा फोन माझ्यापुढे धरला. नकाशा होता. म्हणाली, ही निळी रेघ म्हणजे तुम्ही. रेघ आमच्या दारातून निघाली, भागीरथीच्या ओट्यावर गेली आणि तिथे तिचा गोळा झाला. म्हणाली, इथे बावन्न मिनिटं. काल एक्केचाळीस. पहिल्या दिवसापासून असंच आहे. घड्याळ सगळं सांगतं, आजी.

मी म्हटलं, घड्याळ बिघडलंय. तिने विचारलं, आणि लाल टोपीवाले बाबा? मी म्हटलं, ओट्यावरून लांबचं नीट दिसत नाही. आणि पिल्लं? म्हटलं, कुत्री पोटुशी आहे हे खरं.

तेव्हा ती हसली. आडवी पडून, पोटाला दोन्ही हात लावून, आवाज दाबत. एकोणीस दिवसांनी. मी घाबरले, म्हटलं, हसू नको गो, काही होईल. तिने लगेच मॅडमना फोन करून विचारलं, हसलं तर चालेल का. मॅडम म्हणाल्या, चालेल. कशाला हसताय विचारलं, तर तिने तेही सांगितलं. आता वाशीपर्यंत गेलं.

ठरवलं. उद्यापासून खरोखर.

२३ जानेवारी

अर्धी फेरी. खरी. पायऱ्यांवर बाबा नाहीतच, तिथे रेलिंग घालायचं काम चालू आहे. तेही खरं तेच सांगितलं.

११ फेब्रुवारी

काल सोनोग्राफी झाली. वार वर सरकली आहे. मॅडम म्हणाल्या, आता हळूहळू चालू दे, पळणं बाळंतपणानंतर बघू.

मी काही नवस केला नव्हता. कोणाला श्रेय द्यावं कळत नाही, म्हणून कोणालाच दिलं नाही.

आज पहाटे तिला मीच तलावाला घेऊन निघाले. निश्चय केला होता, हात धरून नेईन, माझ्या चालीने चालवीन, एक पाऊल पुढे टाकू देणार नाही. आठ महिन्यांचं पोट, पाच आठवड्यांचं अंथरूण, ती कुठे जाणार. आणि मी आता सरावाची.

भागीरथीच्या ओट्यापर्यंत हात धरला. तिथून चिंचेपर्यंत तिने माझा धरला. चिंचेपुढे मला उभं राहावं लागलं. उन्नती म्हणाली, बसा आजी, मी सावकाश जाऊन येते. भागीरथी तिच्याबरोबर निघाली, पांढऱ्या बुटांत. दोघी बोलत गेल्या. कोणी मागे वळून बघितलं नाही.

दगडावर बसले. ओरडून सांगितलं, हळू. ऐकू गेलं असावं किंवा नसावं.

घड्याळ हाताला थरथरलं. फार वेळ बसलं की ते असं थरथरतं, उठायची खूण आहे.

उठले नाही. त्या दगडावरून ती परत यायचं वळण बरोबर समोर दिसतं.