डाव्या बाजूचं मडगार्ड

मूंटा,
रविवार, २ एप्रिल १९८९

प्रिय डेन्झिल,

अनेक आशीर्वाद. तू, थेल्मा आणि मुली खुशाल असाल. थेल्माचा दमा तिकडच्या थंडीत फार छळत नाही ना? इथे सगळं बरं आहे. उन्हाळा एकदाचा आवरला. कोंबड्या पिसं झाडतायत, त्यामुळे अंडी बंद आणि खाणं चालू. जॉरीची तब्येत ठीक आहे. तो स्वतःच लिहिणार होता, पण पत्र लिहायचं म्हटलं की तुझ्या भावाला लगेच दुसरं काम आठवतं, हे मी तुला काय सांगायचं.

पेटी जानेवारीतच पोचली, पोच मात्र आत्ता देतेय. ट्रकवाल्याने ती व्हरांड्यात टेकवली आणि कंबर धरून विचारलं, "काय आहे मावशी यात, खाणीतलं उरलंसुरलं तांबं?" मी त्याला चहा दिला. तुला द्यायला हवा होता, पण तू टास्मानियात.

दिराचे आभार मानले तर त्याला परकं केल्यासारखं होतं. तरी मानते. नाताळच्या कार्डाच्या कोपऱ्यात मी एक ओळ खरडली होती, की चाकाचे रूळ तुझ्याकडे असतील तर पाठव. कशाला, कोणासाठी, काही न विचारता तू पाठवलेस. एवढी वर्षं पत्र्याला घाट द्यायच्या त्या चाकाचा सांगाडा आमच्या शेडमध्ये आणि रूळ तुझ्याकडे. त्या रुळांमधून मागेपुढे फिरवल्याशिवाय पत्र्याला पोट येत नाही. म्हणजे दोघांकडे अर्धं अर्धं यंत्र आणि उपयोग कोणालाच नाही. मामंजी असते तर त्यांनी दोघांचे कान धरून एका खोलीत कोंडलं असतं.

पेटीत चिठ्ठी नव्हती. मी कागद उलटेपालटे करून पाहिले. पण मामंजींचा जुना फ्लॅनेलचा शर्ट होता आणि त्यात गुंडाळलेले रूळ. एकावरही गंजाचा ठिपका नाही. जॉरीने एक उचलला, खिडकीकडे धरला आणि बराच वेळ फिरवत राहिला. मग म्हणाला, "दर वर्षी तेल दिलंय गाढवाने." आणि नाक शिंकरायला बाहेर गेला.

आता तुला प्रश्न पडला असेल की रूळ हवे होते कशाला. मामंजींच्या युटसाठी. पुढे दोघांपुरती केबिन, मागे उघडा हौदा, तीच. तू गेल्यापासून ती शेडमागे उभी होती आणि हौद्यात कोंबड्या राहत होत्या. समुद्राची खारी हवा आणि वर कोंबड्या, मग काय राहतंय. दारांखालचा पत्रा बोट लावलं की पापडासारखा मोडायचा. तयार भाग कुठे मिळत नाहीत, आणि मिळाले असते तरी जॉरीने ते दारात उभे केले नसते. सगळा पत्रा हाताने करायचा. लहान तुकडे वाळूच्या पिशवीवर ठोकून होतात, पण मोठा पत्रा चाकात घातला की अलीकडे एक आणि पलीकडे एक, अशी दोन माणसं लागतात. पलीकडची जागा तुझी होती. आता तिथे मी उभी राहते.

"ओढू नकोस, नुसती सोबत कर," तो म्हणतो.

"छत्तीस वर्षं सोबतच करतेय."

"मग पत्रा वाकडा का जातोय?"

पहिला पत्रा जुन्या चपलेसारखा झाला. दुसरा त्याहून वाईट. जॉरीने त्यांतला एक कोंबड्यांना पाणी पिण्यासाठी ठेवलाय, म्हणजे माझी कला वाया गेली नाही. तिसऱ्या वेळी मात्र काहीतरी जमलं. पत्रा दोघांमध्ये जायचा आणि यायचा, मी ढकलतेय की तो, तेच कळेना. मला तुम्हा दोघांचा हेवा वाटला, डेन्झिल. तुम्ही भाऊ तिथे तासन्‌तास न बोलता उभे असायचात आणि मी म्हणायचे, काय ठोंबे आहेत. तेव्हा मला कळलं नव्हतं.

पत्रा झाला की जॉरी त्यावर फडकं ठेवतो, डोळे मिटतो आणि फडक्यावरून तळवा फिरवतो. "इथे फुगलंय. बोटभर खाली." मग मी तिथे हातोडी मारते. त्याचा डावा तळवा अजून पूर्वीसारखाच शहाणा आहे.

डावा. हे लिहायचं टाळत मी इथवर आले.

गेल्या ऑगस्टमध्ये एका सकाळी त्याच्या उजव्या हातातून चहाचा कप पडला आणि पाठोपाठ तोही पडला. पक्षाघात. वालरूच्या हॉस्पिटलात महिनाभर होता. बोलणं परत आलं, चालणं काठीसकट आलं. उजव्या मुठीत हातोडा बसवून दिला तर धरतो, पण मारता येत नाही. तुला कळवायचं नाही, असं त्याने मला बजावलं होतं. "कीव करायला आलेला भाऊ मला नको." म्हणून मी कार्डावर फक्त रूळ मागितले. माझ्यावर रुसू नकोस.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, हाताला काम द्या. त्यांच्या मनात रबरी चेंडू होता. तो चेंडू जॉरीने खिडकीतून कोंबड्यांवर फेकला आणि मग खिडकीशीच बसून राहिला. नाताळपर्यंत मी त्याला त्या खुर्चीत पाहत होते. एकदा मनात आलं, हा आता यातून उठत नाही. मग तुझी पेटी आली. दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या आधी शेडमधून हाक आली, "लव्हडे, रूळ बसवायला ये." मी भांड्यातलं पीठ तसंच टाकून धावले. तू काय पाठवलंस ते तुला माहीत नाही, म्हणून सांगतेय. तू लोखंड पाठवलंस आणि मला माझा नवरा मिळाला.

त्या शनिवारी मी पेस्ट्या केल्या, आपल्या त्या मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्या. ज्याची पेस्टी त्याचं अक्षर कोपऱ्यावर, तशी एक जॉरीची, एक माझी. पीठ थोडं उरलं, म्हणून तिसरी केली आणि हात आपोआप तुझं अक्षर काढून मोकळा झाला. जॉरीने पाहिलं. "त्याची आहे ना? मग झाकून ठेव," म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानेच खाल्ली म्हणा.

आता डाव्या मडगार्डाचं लिहिते. ते लिहिलं नाही, तर बाकीचं पत्र नुसता पाल्हाळ.

मामंजींच्या शेवटच्या आजारात कोणाच्या तरी ट्रकने ते मडगार्ड चेपवलं होतं. म्हाताऱ्याला रविवारी चर्चला स्वतःच्या गाडीतून जायचं होतं. जॉरी म्हणाला, पत्रा नीट काढायला दोन आठवडे हवेत. तू शनिवारी खड्ड्यात पुट्टी भरलीस, घासलीस, रंग मारलास आणि रविवारी म्हातारा राजासारखा बसून गेला. पुढे त्याच्याच अंत्ययात्रेला ती पुट्टी ढलपी होऊन रस्त्यावर पडली. मग हॉलमध्ये, चहाच्या वेळी, सगळ्या गावासमोर जॉरीने तुला जे म्हटलं ते मी इथे पुन्हा लिहीत नाही. खड्डा पुट्टीने लपवणाऱ्याला देतात ती शिवी; पत्र्याच्या कारागिराला त्याहून वाईट नाही. तू कप बशीत ठेवलास आणि गेलास. रूळही गेले.

तर यंदा ते मडगार्ड नवीन केलं. सगळ्यात शेवटी, कारण त्याला हात घालायचं दोघंही टाळत होतो. घाट सुरेख उतरला. आणि त्या आनंदात आतली पट्टी आधी जोडून बसलो. मग जॉरीने तळवा फिरवला, तर खालच्या टोकाला अंगठ्याएवढा खळगा. आता मागून टेकू द्यायचा ठोकळा आत जाईना, कारण वाट पट्टीने अडवलेली. शिकाऊ पोरं ही चूक करायची तेव्हा जॉरी त्यांना अंगण झाडायला लावायचा. मी त्याच्या हातात झाडू दिला. हसला नाही.

"पट्टी कापू या," मी म्हटलं.

त्याने माझी मनगटं पाहिली. ती सुजली होती. गाडी जत्रेच्या मिरवणुकीत न्यायची आणि जत्रा जवळ आलीय. तो स्टुलावर बसला आणि म्हणाला, "बाजारात जाशील तेव्हा पुट्टीचा डबा आण."

मी पिशवी उचलून तडक बाजार गाठला. बोलले असते तर त्याने विचार बदलला असता. त्याने डाव्या हाताने पुट्टी लावली, सुकू दिली आणि कागदाने घासायला बसला. घासता घासता म्हणाला, "म्हाताऱ्याला रविवारी गाडी हवी होती. आणखी काय करायचं होतं डेन्झिलने?" मला सांगत नव्हता. मडगार्डाला सांगत होता.

काल तो म्हणाला, "डेन्झिलला लिही, डाव्या मडगार्डात पुट्टी आहे. मी लावली."

"आणखी काय लिहू?"

"त्याला कळेल."

मी कोंबड्यांपाशी जाऊन मनसोक्त रडले. सुखाने रडले, काळजी करू नकोस.

मे महिन्यात आपली, खाणीवर आलेल्या वाडवडिलांच्या आठवणीची कॉर्निश जत्रा आहे आणि जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत मामंजींची युट असणार. मी विचारलं, चालवणार कोण? तर म्हणे, "मी पलीकडच्या सीटवर बसणार." ते कळलं, पण चालवणार कोण? "क्लच जड आहे, तुला जमायचा नाही." लग्नाआधी मी बापाचा ट्रॅक्टर चालवायचे, याची मी त्याला आठवण करून दिली. त्यावर तो काठी घेऊन कोंबड्यांना दाणे घालायला गेला. सकाळपासून दुसऱ्यांदा.

त्याने सांगितलं तेवढं लिहिलं. त्याने सांगितलं नाही तेही लिहिलं. थेल्माला माझा नमस्कार, मुलींना पापे. तुझी खोली झाडून ठेवलीय. केबिनमध्ये दोनच माणसं मावतात, हे तुला आठवत असेलच.

तुझी,
मागे हौद्यात बसायला तयार असलेली वहिनी,
लव्हडे