हिवाळ्याची शाळा

व्हरमाँट, जानेवारी १८३४

प्रिय बाबा,

तुमचं पत्र पोचलं. माझ्या धाकट्या बहिणीला, मावशीकडे राहणाऱ्या लोविनाला, लिहिता-वाचता येतं तेवढं पुष्कळ झालं, आता तिने मुकाट्याने मागावर बसावं. आणि शाळेतल्या पोरांनी मला बर्फात फेकायच्या आत मीही घरी परत यावं, असं तुमचं म्हणणं. कळलं. पटलं मात्र नाही.

उन्हाळ्यात मोठी मुलं शेतावर असतात, तेव्हा चिल्ल्यापिल्ल्यांना शिकवायला बाई चालते. हिवाळ्यात ती मुलं शाळेत येतात, म्हणून मास्तर हवा. आणि मास्तरला कोंडून बाहेर ठेवायचं नाहीतर बर्फात टाकायचं, ही पोरांची जुनी वहिवाट. तुम्हीच नाही का दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला, टर्कीची तंगडी हातात धरून, तुमच्या मास्तरांना कसं उचललं ते रंगवून सांगता? यंदाचा मास्तर दोनदा बर्फ खाऊन पळाला, म्हणून गावाने नाइलाजाने मला ठेवलं.

पहिल्याच सकाळी पोरांनी आतून दाराला अडसर घातला. "बाई, उन्हाळ्यात या हं!" असं त्यांचा म्होरक्या ओरिन खिडकीतून ओरडला. रीतीप्रमाणे मी धुराड्यावर फळी टाकून त्यांना धुराने बाहेर काढायला हवं होतं. मी कशाला काढू? बाहेर कुडकुडणाऱ्या मुलींना घेऊन समोरच्या स्टो काकूंच्या स्वयंपाकघरात गेले आणि चुलीपुढच्या फरशीवर कोळशाने त्रिकोण काढले. भावांच्या जेवणाच्या टोपल्या बहिणी आणतात, हे ते शूरवीर विसरले होते. दुपारपर्यंत आमची भूमिती रंगली आणि त्यांच्या पोटात कावळे ओरडू लागले. शेवटी ओरिन टोपी हातात धरून आला. "बाई, तेवढी माझी टोपली..." "आधी दार उघड. पुढची बाकं मुलींची. मग टोपली."

संध्याकाळी चर्चचे कारभारी आणि शाळा-कमिटीचे डीकन प्रॅट काकूंच्या स्वयंपाकघरात तणतणत आले. "तुम्ही शाळा सोडून गेलात!" मी म्हटलं, "शाळा माझ्याबरोबर होती. तुमची पोरं बसली होती ती नुसती खोली." काकू फिसकन हसल्या. मग डीकनसाहेबांच्या नातीनेच त्यांना हाताला धरून फरशीपाशी नेलं आणि त्रिकोणाचे तिन्ही कोन मिळून दोन काटकोन का होतात ते समजावलं. ते टोपी घालून निघून गेले. शाळा चालू आहे.

बाबा, मी आजही तुम्हाला घाबरते. तरी लिहिते, कारण लवकरच तुम्ही लोविनाला आणायला मावशीकडे जाल. ती तिथे नाही. परवा बर्फावरून टपाल नेणाऱ्या घसरगाडीत बसून ती माझ्याकडे आली. मावशीवर रागावू नका, गाडीत मीच जागा सांगून ठेवली होती. लोविनाला अठरा वर्षं पूर्ण झाली, आता तिच्यावर कायद्याने कुणाचा हुकूम चालत नाही. ती भूमिती शिकेल आणि पुढच्या हिवाळ्यात स्वतःची शाळा घेईल. तिला भेटायला केव्हाही या. न्यायला येऊ नका.

तुमचीच, तुमच्यासारखीच हट्टी,
इलेक्टा