डावीकडे बेट, उजवीकडे पठार

२ फेब्रुवारी, सोमवार

फुकट! दोन माणसं, सात दिवस, जाणं-येणं-राहणं-खाणं सगळं ऑफिसतर्फे. सोळा वर्षं सहलींची माहितीपत्रकं लिहिल्याचं बक्षीस. मॅडम म्हणाल्या, "बेट नाहीतर पठार. दोन्हीकडे ऊनच ऊन. गुरुवारपर्यंत सांगा." मी शहाण्यासारखी मान डोलावली आणि बाथरूममध्ये जाऊन दोन उड्या मारल्या.

सोळा वर्षं "निळाशार समुद्र" लिहितेय. समुद्र पाहिलेला नाही. एकदाही नाही! ऑफिसात कुणाला माहीत नाही. नानांना माहीत आहे. बापापासून काय लपणार!

पण जायचं नानांबरोबर, आणि नानांचे गुडघे! डॉक्टरांनी बजावलंय — दमट हवा नको, कोरडं ऊन हवं. म्हणजे पठारच. लाल कडे, मोठं सरोवर, रात्री चांदण्या. तेही काही वाईट नाही. मीच लिहिलंय तसं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

नव्या माहितीपत्रकाचं प्रूफ घरी आणलं. छपाई महिनाअखेरीला, म्हणजे घाई नाही. आमच्याकडची रीत अशी, की ज्या सहलीच्या जागा आधी भरायच्या ती डावीकडे. इतकी वर्षं पठार डावीकडे असायचं. यंदा मॅडमनी बेट डावीकडे घ्यायला लावलं, तेवढा बदल केला. हवामानाचा तक्ता आहे तसाच. ते आकडे तिकडून येतात, मी नुसते टाइप करते. आकडे कोण वाचतं!

नाना वाचतात. अडतीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासली. माझा एकही कागद त्यांच्या तांबड्या पेन्सिलीतून सुटलेला नाही. दोन प्रती लागतात — एकीवर कच्च्या खुणा, मग त्याच दुसरीवर सुबक करून मला. मागच्या वर्षी एका स्वल्पविरामासाठी मला जेवणावरून उठवलं होतं!

आजही पेन्सिलीला टोक काढून बसले. मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "पठारच बरं, नाना. गुडघ्यांना मानवेल."

"तुला कुठं जायचंय?"

"मला काय, कुठंही."

चष्म्यावरून बघत राहिले. मला खोटं बोलता येत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे आम्हा दोघांना.

४ फेब्रुवारी, बुधवार

कागद कोरा! एक खूण नाही!

"चूक नाही?" "नाही." एवढंच. सोळा वर्षांत पहिल्यांदा. आनंद मानायचा की घाबरायचं? नानांना एकाहत्तर झाली. डोळे अधू झाले की काय? परत आल्यावर डॉक्टरांकडे न्यायलाच हवं.

पण ते राहू दे. नानांनी तक्त्यावर बोट ठेवलं. "आपलंच लिहिलेलं वाच की जरा, बाईसाहेब." वाचलं. बेट — हवेतला दमटपणा ३१ टक्के, पावसाचे दिवस शून्य, रात्री ९ अंश. पठार — दमटपणा ७६, पावसाचे दिवस पाच, रात्री २३. पुन्हा वाचलं. बेट कोरडं! पठार दमट!

"नाना, चारी बाजूंनी पाणी असून कोरडं?"

"मधे डोंगर आहे ना!" लगेच पेपरच्या कोऱ्या कडेला डोंगर काढला. "वारा इकडून येतो. ढग डोंगराला अडतात, पाऊस पलीकडेच सांडून मोकळे होतात. आपलं हॉटेल अलीकडे. कोरडं ठणठणीत!"

"आणि पठार?"

"सरोवर काय कमी आहे का? दिवसभर उन्हानं वाफ. ती जाणार कुठं? भोवती कडे." कड्यांना पण वळणं काढून दाखवली. या माणसाला एवढा भूगोल येतो हे मला त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं!

बेट ठरलं. आकड्यांनीच ठरवलं, माझा काही हात नाही. मला झोप येईलसं वाटत नाही.

५ फेब्रुवारी

मॅडमना सांगितलं. "बेट? वडिलांच्या तब्येतीला?" म्हणाल्या. म्हटलं, मधे डोंगर आहे ना!

११ फेब्रुवारी, बुधवार

बॅगा भरल्या. रात्री ९ अंश म्हणजे थट्टा नाही. दोन स्वेटर मला, दोन नानांना, लोकरी मोजे, कानटोपी. नाना म्हणाले, "एवढं कशाला? ओझं होईल." मी ऐकतेय थोडीच! त्यांनी स्वतःच्या बॅगेत चार पातळ सदरे भरले. म्हटलं, गारठाल. "बघू," म्हणाले.

१४ फेब्रुवारी, शनिवार

समुद्र!

काय लिहू? सोळा वर्षं जे लिहिलं ते सगळं खोटं. निळाशार नाहीच! कडेला हिरवा, मग राखाडी, मग ढग सरकला की चक्क जांभळा. आणि आवाज! आवाजाबद्दल मी कधी एक ओळ लिहिली नव्हती. मी चपला हातात घेऊन वेड्यासारखी हसत होते. नाना बाकावर बसून माझ्याकडे बघत होते, समुद्राकडे नाही.

उकडतंय मात्र. रात्री येईल गारवा.

१५ फेब्रुवारी, रविवार

नाही आला. रात्रभर पंखा. सकाळी नानांचा सदरा पाठीला चिकटलेला. काउंटरवरच्या मुलीला विचारलं, थंडी कधी पडते? ती माझ्या हातातल्या स्वेटरकडे बघून इतकी हसली, की तिला खुर्ची धरावी लागली. "बाई, पाणी रात्रभर ऊब धरून असतं. इथं कुणाकडे स्वेटर नाही!" भिंतीवर दमटपणाचं घड्याळ. काटा ७८ वर.

आणि डोक्यात लख्ख! मथळे मी हलवले. आकडे नाही हलवले. बेटाच्या डोक्याखाली पठाराचे आकडे!

खोलीत आले तर नाना गुडघ्यांना मलम चोळत होते. मला बघून डबी उशीखाली. मी रडलेच. "माझ्यामुळे, नाना. उलटं झालं सगळं. उद्याच परत जाऊ."

"छापलं तर नाही ना अजून?"

"नाही."

"मग कशाला रडतेस? दुरुस्त होईल." मग हाताचं मलम पुसत, "आणि जायचं-बियचं काही नाही. मला आवडलंय."

मला रागच आला. "तुम्हीही कोरा कागद दिलात! एवढी मोठी चूक! डोळे दाखवायचे आता, ऐकणार नाही मी."

"दाखवू," म्हणाले. अगदी गरीब चेहरा करून.

मॅडमना फोन केला. म्हणाल्या, "छपाईआधी सापडली ना? आता गुपचूप समुद्र बघा."

१६ फेब्रुवारी

आज नाना पाण्यात! विजार गुडघ्यांपर्यंत दुमडून, माझा हात धरून, मग हात सोडून. कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले आणि ओरडले, "अगं, वजनच नाही! गुडघ्यांना सुट्टी!" एक लाट आली, दोघंही आडवी. नाकातोंडात खारट पाणी. इतकं मी शेवटची कधी हसले होते?

जिना मात्र एकेक पायरी करत चढले. मी मागून, न बघितल्यासारखं.

१७ फेब्रुवारी

कानटोपी काउंटरवरच्या मुलीला भेट. तिनं ती लगेच घातली!

१८ फेब्रुवारी, बुधवार

नाना पाण्यात गेलेत, चष्मा खाटेवर टाकून. तो ठेवायला त्यांची पिशवी उघडली. तळाशी चौघडी घातलेला कागद. कच्ची प्रत. तक्त्याच्या दोन्ही रकान्यांना तांबडा वेढा, एकीकडून दुसरीकडे बाण. समासात त्यांचं मुंगीएवढं अक्षर — "आकडे उलटे. छपाईआधी सांगणे." खाली तारीख. ३ फेब्रुवारी.

डोळे ठणठणीत आहेत! मला रडू येतंय नि हसूही.

कागद होता तसा घडी करून ठेवला. खालून हाक येतेय — "अगं ये की, बाईसाहेब! पाणी काय कोमट आहे बघ!"