आवाज न करणारी गिटार

प्रिय हर्षाली,

प्रेमाबाईंनी बांगड्यांच्या पेटीच्या तळातून तुझी चिठ्ठी काढून दिली, तेव्हा मी येरमाळ्यात आमच्या ऑर्केस्ट्राच्या गाडीवर स्पीकर चढवत होते. माझा नवरा मल्हार म्हणाला, आपल्याकडं कासारीण टपाल वाटते व्हय? तुझा फोन तुझा तो नवरा रणधीर तपासतो म्हणून हा खटाटोप, हे मला लगेच कळलं. घाबरत घाबरत उघडली, तर आत काय, नवशिक्यानं इलेक्ट्रिक गिटार कुठली घ्यावी आणि तिचा आवाज वाढवणारा अँप कुठला घ्यावा! मला हसूच फुटलं बाई. कॉलेजात मी तुला गिटारवर चार सूर शिकवले न शिकवले, तोवर तुझं लग्न ठरलं. ते शिकणं अजून तुझ्या डोक्यात आहे, याचा इतका आनंद झाला की चिठ्ठी घेऊन मी तिथंच स्पीकरवर बसले.

तर ऐक. फोनवर दिसतो तो गिटार, अँप, पट्टा असा सगळा एकत्र संच घेऊ नकोस. चित्रात लई देखणा, आणि हातात घेतला की तारा पट्टीपासून इतक्या वर, की दाबता दाबता बोटं सोलून निघतात. दुकानात जायचं, मांडीवर घ्यायची, वरपासून खालपर्यंत एकेक तार दाबून बघायची, कुठं खरखर येते का. दुकानदार वाजवून दाखवतो म्हणाला तर त्याला गप्प बसवायचं, वाजवायची तुला आहे. अँप घरात शिकायला दहा वॉटचा छोटा पुरे. पण तो कान देऊन निवड, कारण इलेक्ट्रिक गिटारचा आवाज म्हणजे अर्धाअधिक अँपच असतो. त्यावर पन्नास बटणं असली म्हणून भुलू नकोस.

तू विचारलंस, वायर न जोडता वाजवली तर शेजारच्या खोलीत ऐकू जातं का. न्हाय जात. आतून भरीव लाकूड असतं, डास गुणगुणल्याएवढा आवाज येतो. अँपला हेडफोन लावलास तर बाहेरच्याला तेवढाच ऐकू येईल. अगं, पण अख्खी दुनिया इलेक्ट्रिक गिटार घेते ती चार गल्ल्यांपलीकडं ऐकू जावी म्हणून! तुला ती आवाज करू नये म्हणून हवी आहे. हे लक्षात आलं आणि माझं हसू तिथंच संपलं.

तू सासरी नेलेल्या जुन्या गिटारीचं काय झालं ते तू लिहिलं नाहीस. मी प्रेमाबाईंना खोदून खोदून विचारलं. रणधीरनं ती न्हाणीच्या दगडावर आपटली. खोका फुटला, दांडा हातात राहिला, आणि त्याच दांड्यानं त्यानं तुला अंगणभर बडवलं. तारा मात्र तुटल्या नव्हत्या म्हणे, त्या तुझ्या केसांत अडकल्या आणि त्यानं तुला तशीच ओढली. तुझी सासू दारात उभी राहून शेजाऱ्यांना सांगत होती, काही न्हाय, भांडी पडली. प्रेमाबाई दर खेपेला तुला नव्या बांगड्या भरतात आणि पुढच्या खेपेला तुझी मनगटं पुन्हा मोकळी असतात. हे सांगताना त्या रडत होत्या. मी रडले नाही. मला दाबायला कुणाचा तरी गळा हवा होता.

मग चिठ्ठी पुन्हा वाचली आणि अंगाची लाहीलाही झाली. गिटार हलकी हवी, कारण खांद्याला पट्टा सोसत नाही. खांदा कुणी मोडला ते लिहिलं नाहीस. तारा मऊ हव्यात, कारण डाव्या हाताची दोन बोटं दारात चेंगरली. दार आपोआप लागलं व्हय गं? दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी सहज सांगितलं असतं, नऊ नंबरच्या तारा लाव, बारीक आणि मऊ असतात. तुला काय सांगू? लोक गिटार निवडताना रंग सांगतात, आकार सांगतात. तू त्यानं कुठं कुठं मारलंय ते सांगितलंस.

माझा स्वभाव तुला माहीत आहे. मागं तामलवाडीच्या एका वरातीत दारुडा स्टेजवर चढून कमरेत हात घालायला लागला, तर मी माइकच्या स्टँडनं त्याचं नाक फोडलं आणि पुढची गाणी रक्ताच्या साडीतच वाजवली. मघाशी तोच स्टँड मी गाडीत टाकला. मल्हारनं काढून ठेवला. म्हणाला, रणधीरला फोडून तू आत जाशील आणि हर्षाली तिथंच राहील. मी त्याच्यावर ताटली भिरकावली. पण मेला खरं बोलत होता.

वरचं सगळं काल घरी लिहिलं. हे गाडीत बसून लिहितेय, अक्षर वाकडं येतंय, समजून घे. चिठ्ठीच्या पाठीमागं तू एक ओळ लिहिली होतीस, ती मी आज सकाळी पाहिली. हेडफोनचा आवाज फक्त उजव्या कानात येईल असा अँप मिळतो का? हर्षाली, तुझा डावा कान कधी गेला गं? मी ती ओळ मल्हारला दाखवली. त्यानं तशीच गाडी काढली. आम्ही भूमला तुमच्या गल्लीच्या मागं उभे आहोत. रणधीर बाजारात गेलेला आम्ही डोळ्यांनी पाहिला. हे पत्र तुला देऊन प्रेमाबाई तुझ्या सासूला बांगड्या भरायला बसवतील, आणि हात कासारणीच्या हातात असताना बाईला मधेच उठता येत नाही. तेवढाच वेळ आहे. कपडे घेऊ नकोस, डबे झाकत बसू नकोस. आधी कानाच्या डॉक्टरकडं, मग पोलिसांत, मग माझ्या घरी. गिटार कुठली, अँप कुठला, ते तिथं दुकानात जाऊन भांडत भांडत ठरवू. पत्र वाचून झालं ना? मग अजून उभी का आहेस? मागच्या दारानं निघ.

तुझीच, गाडीत जीव मुठीत धरून बसलेली,
ज्ञानेश्वरी