खुलाशात राहून गेलेला 'व' घालून मिळण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी साहेब,
पाणीपुरवठा विभाग,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

विषय : माझ्या लेखी खुलाशातील 'टेकली' या शब्दात एक 'व' घालून मिळण्याबाबत, आणि तोवर मला खोदकामावर न पाठवण्याबाबत.

संदर्भ : झोपल्याबद्दलची नोटीस, तिच्यावरचा माझा खुलासा, पाठ न टेकवल्याबद्दलची नोटीस, आरशाबद्दलची नोटीस, खोदकामावर रुजू होण्याचा आदेश.

महोदय,

वाकून नमस्कार करता येत नाही म्हणून ताठ उभ्यानेच करतो. राग मानू नये.

१. मी मोठ्या पंपघरात पॅनेलवर बसतो. माझे नाव कार्यालयात आहेच, पण पंपघरात मला सगळे दिवेकाका म्हणतात, कारण पाळीभर दिवे बघणे हेच माझे काम आहे. हिरवा म्हणजे पंप चालू, पिवळा म्हणजे टाकी उतरली, लाल म्हणजे ताबडतोब फोन. त्याआधी मी याच विभागात पाइप पुरण्याचे चर खोदत होतो. एकदा चराची कड ढासळली आणि मी छातीपर्यंत मातीत गेलो. सोबत्यांनी उपसून बाहेर काढले, पण कंबर तिथेच राहिली असे म्हटले तरी चालेल. डॉक्टरांनी वाकणे आणि उचलणे दोन्ही बंद केले. तेव्हाचे साहेब म्हणाले, लिहायवाचायला शिकलात तर पॅनेलवर बसवतो. मी केस पिकल्यावर प्रौढांच्या वर्गात जाऊन शिकलो. हा अर्जसुद्धा मी स्वतः लिहिला आहे. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. पुढे जे झाले ते माझ्या लिहिण्यामुळेच झाले, म्हणून सांगतो.

२. पॅनेल भिंतीवर फार उंच आहे. पूर्वी व्हॉल्व्ह फुटून खोलीत पाणी भरले होते, तेव्हापासून ते वर चढवलेले आहे. स्टुलावर बसून वर बघताना मान अवघडायची आणि पाळी संपेपर्यंत कंबरेचे लाकूड व्हायचे. मग आरोग्य कक्षाने बराच वेळ बसून काम करणाऱ्यांसाठी नव्या खुर्च्या पाठवल्या. एक मला मिळाली. तिच्या बैठकीखाली उजव्या हाताला एक दांडी आहे. ती ओढून रेलले की खुर्चीची पाठ मागे जाते, आणि दांडी सोडली की हवी तिथे थांबते. खाली एक गोल फिरकी आहे. ती आपल्या वजनाप्रमाणे घट्ट किंवा सैल करायची, म्हणजे खुर्ची धाडकन मागे जात नाही, कोणी धरून नेल्यासारखी सावकाश जाते. जड पाइप नेताना मागून कोणी नुसता हात लावला तरी जसे हलके वाटते, तसे कंबरेला वाटते. भार कंबरेवरून उतरून खुर्चीच्या पाठीवर जातो. आणि मुख्य म्हणजे रेलले की डोळे आपोआप दिव्यांसमोर येतात. थोडा वेळ ताठ बसायचे, थोडा वेळ रेलायचे, परत ताठ व्हायचे, असे केले की अख्खी पाळी निघून जाते. घरी गेल्यावर चपला काढायला बायकोला हाक मारावी लागत नाही. इतके सुख मला वर्षानुवर्षांत मिळाले नव्हते.

३. माझ्या खोलीचे दार माझ्या पाठीमागे आहे आणि त्याला काच आहे. तपासणीला आलेल्या साहेबांनी त्या काचेतून आत पाहिले. त्यांना खुर्चीवर मागे झुकलेले एक टक्कल दिसले. त्यात साहेबांची चूक नाही. टक्कल मागून पाहिले तर ते जागे आहे की झोपलेले, हे कोणालाच सांगता येणार नाही. कामावर झोपल्याबद्दल खुलासा करावा, अशी नोटीस आली. मी त्याच दिवशी खुलासा लिहून दिला. तो असा : 'मी झोपलो नव्हतो. फक्त पाठ टेकली होती. रोज तेच करतो. खुर्ची त्यासाठीच दिली आहे.'

४. साहेब, मला 'टेकवली' असे लिहायचे होते. वर्गातल्या बाई मला नेहमी म्हणायच्या, "काका, सावकाश लिहा, तुम्ही मधली अक्षरं खाता." मी म्हणायचो, "बाई, उपाशी पोटी वर्गाला येतो, काहीतरी खाणारच." सगळा वर्ग हसायचा. त्या हसण्याचे आता मला वाईट वाटते.

खुलाशाची प्रत मी घरी वाचून दाखवली. माझ्या बायकोला अक्षरओळख नाही. ती मटार सोलत बसली होती. ती हात थांबवून म्हणाली, "अहो, हे तर झोपलो होतो असंच लिहून दिलंत की! घरात पाठ टेकायला वेळ मिळत नाही म्हणून कुरकुरता, आणि तिकडे रोज टेकता होय?" तेव्हा माझ्या लक्षात आले. पाठ टेकणे म्हणजे आडवे होऊन जरा डोळा लावणे. पाठ टेकवणे म्हणजे खुर्चीला पाठ लावून बसणे. मध्ये फक्त एक 'व' आहे. तो मी खाल्ला.

५. खुलासा मान्य झाला. म्हणजे मी रोज झोपतो हे मान्य झाले. माझ्या खुर्चीची पाठ ताठ करून दांडी तारेने बांधली आणि तारेला शिशाचे सील ठोकले, पाण्याच्या मीटरला ठोकतात तेच. सील मी तोडलेले नाही आणि तोडणार नाही. ते काढून मिळावे म्हणून मी मीटर कक्षात गेलो. तिथले कारकून चांगले आहेत. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "ग्राहक क्रमांक काय?" मी म्हणालो, खुर्चीला ग्राहक क्रमांक नसतो. ते म्हणाले, "मग काका, आमच्याकडे ती खुर्ची नाहीच. जे आमच्याकडे नाही त्याचं सील आम्ही कसं काढणार?" मी पंपघरात परत आलो.

६. त्यानंतर आरोग्य कक्षाचे लोक नव्या खुर्च्यांचा वापर नीट होतो का ते बघायला आले. त्यांनीच आमच्या भिंतीवर एक चित्र लावले आहे. त्यात एक माणूस मागे रेलून हसतो आहे आणि खाली लिहिले आहे, 'अधूनमधून पाठ मागे टेकवून बसा.' इथे 'व' आहे, मी बोट लावून पाहिला. त्यांनी मला काठीसारखे बसलेले पाहून शेरा मारला की कर्मचारी दिलेल्या सोयीचा वापर करत नाही. मी सील दाखवले. ते म्हणाले, सील आमच्या कक्षाचे नाही, आम्ही फक्त पाठ बघतो. अशी मला पाठ न टेकवल्याबद्दलही नोटीस मिळाली. त्या खुलाशात मी 'व' दोनदा लिहिला. पंपघराचे मुकादम म्हणाले, "दिवेकाका, आता हा जास्तीचा 'व' कुठून आणलात?"

७. ताठ बसून वरची रांग मान मोडल्याशिवाय दिसत नाही. उभा राहिलो तर कंबर धरते, आणि खुर्ची रिकामी दिसली की जागेवर नाही असा शेरा पडतो. माझे दुखणे मी सोसले असते, पण पिवळा दिवा चुकला तर टेकडीवरच्या घरांच्या नळांना पाणी येत नाही. म्हणून मी बायकोचा आरसा आणला आणि टेबलावर तिरका ठेवला. त्यात वरची रांग खाली दिसू लागली. काम चोख चालले होते. पण पाठीमागच्या त्याच काचेतून पुन्हा पाहिले गेले, आणि कर्मचारी कामाच्या वेळेत आरशात तोंड बघत बसतो, अशी नोटीस आली. साहेब, माझ्या तोंडात बघण्यासारखे आता काय राहिले आहे? आरसा जमा करून घेतला. तो बायकोच्या माहेरचा आहे. तिला मी अजून सांगितलेले नाही, शोधून देतो म्हणालो आहे. तोही परत मिळाल्यास बरे होईल, पण त्यासाठी मी हा अर्ज अडवून धरणार नाही.

८. मी आस्थापना कक्षात जाऊन 'व' घालून द्या अशी विनंती केली. पेन माझेच होते. तिथे समजले की मान्य झालेल्या खुलाशात अक्षर घालता येत नाही. नवा खुलासा देता येतो, पण त्यासाठी नवी नोटीस लागते, आणि नवी नोटीस मी पुन्हा झोपलेला आढळलो तरच निघते. मी म्हणालो, खुर्ची आता मागे जात नाही, मी झोपलेला दिसणार कसा? तिथल्या ताई खरेच विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "काका, प्रयत्न करून बघा." त्यांनी थट्टा केली नाही, मनापासून सांगितले. मी दोन दिवस डोळे मिटून बसून पाहिले. काचेशी कोणी आले नाही. आणि डोळे मिटले की दिवे दिसत नाहीत, म्हणून ते मी सोडून दिले.

९. आता आदेश आला आहे. मी बसल्यावर झोपतो, दिलेली खुर्ची वापरत नाही, जागेवर सापडत नाही आणि आरसा बघतो, यावरून मी बैठ्या कामाला योग्य नाही, सबब पुढच्या एक तारखेपासून खोदकामाच्या तुकडीत रुजू व्हावे, असा तो आदेश आहे. खोदकामाला मी हलके समजत नाही. माझे तारुण्य त्यातच गेले आणि टेकडीवरची मोठी लाईन टाकायला मी होतो. पण मी एकदा वाकलो की मला सरळ करायला दोन माणसे लागतात, आणि ती माणसेसुद्धा खोदायलाच आलेली असतात. तुकडीचा मुकादम माझ्या ओळखीचा आहे. तो म्हणाला, "काका, तुम्ही चरात उतरा, वर काढायचं आपण संध्याकाळी बघू." तो विनोद करत होता. मी हसलो. पण घरी येऊन जेवताना मला तेच आठवत होते. डॉक्टरांनी सांगितले आहे की आता कंबरेला धक्का बसला तर मी उठणार नाही. मग मी कायमचीच पाठ टेकीन. तिथे 'व' लागणार नाही.

१०. माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही. ज्याने त्याने आपापल्या कक्षाचे काम केले आहे. चूक माझ्या हाताची आहे. पुढच्या उन्हाळ्यात मी निवृत्त होतो, तेवढे दिवस मला दिव्यांसमोर बसू द्यावे. दांडी सोडता येत नसेल तर सील राहू द्या, मी ताठ बसेन. ताठ बसणे चालत नसेल तर स्टूल द्या. पण चरात पाठवू नका. आणि माझ्या खुलाशात तेवढा 'व' घालावा. तो कोणी घालायचा, कोणत्या शाईने घालायचा, हे आपण ठरवाल तसे. मला घालू दिल्यास मी आपल्यासमोर घालीन आणि दुसऱ्या कोणत्याही अक्षराला हात लावणार नाही.

हा अर्ज मी बायकोला दोनदा वाचून दाखवला आहे, फक्त आरशाची ओळ सोडून. तिच्या कानाला कुठे काही कमी वाटले नाही.

आपला नम्र
(वाकता येत नाही, तरी नम्र),

सही
पॅनेल कर्मचारी, मोठे पंपघर
(दिवेकाका म्हणून विचारल्यास कोणीही दाखवेल)

दिनांक : २१ तारीख. एक तारीख जवळ आली आहे, हे कृपया लक्षात घ्यावे.

सोबत :
१) माझ्या खुलाशाची प्रत, जशी आहे तशी.
२) डॉक्टरांचा कागद.
३) वेगळ्या कागदावर एक 'व', माझ्या हस्ताक्षरात, खाली सहीसह. खुलाशात लिहिता येत नसेल तर हा कापून 'क' आणि 'ली' यांच्या मध्ये चिकटवावा. डिंक हवा असल्यास मी घेऊन येतो.