कॅज्युअल मावशीचं शेत

इंदिरानगर, नाशिक
१९ नोव्हेंबर २००९

चिरंजीव दीपक ऊर्फ श्रीमान हार्डकोअरराव यांस,

सिंधूमावशीचे पार बंगळुरूपर्यंत पोचतील एवढे आशीर्वाद. इकडे गुडघे सोडून सगळं ठीक आहे. तुझी तब्येत फोनवरच विचारली असती, पण गणपतीपासून तू दर वेळी ‘मीटिंगमध्ये आहे, मग करतो’ म्हणतोस आणि तो ‘मग’ काही उगवत नाही. (मीटिंगमध्ये आहेस तर फोन उचलतोस कशाला, हेही एक कोडंच.) तीन महिने झाले, म्हणून शेवटी पत्र. तुझी फार आठवण येते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं भांडण मोकळेपणाने करता येईल.

भांडण असं, की गणपतीत तू आलास तेव्हा मी कॉम्प्युटरवर शेतीचा गेम खेळत होते आणि तू पूजासमोर (म्हणजे माझ्या सुनेसमोर! दुसरं कोणी असतं तर सोडून दिलं असतं) हसून म्हणालास, “हा काय गेम आहे, मावशी? तू कॅज्युअल. आम्ही हार्डकोअर.” तेव्हा मला अर्थच कळला नव्हता. मागाहून पूजाने सांगितलं, हार्डकोअर म्हणजे कट्टर, आणि कॅज्युअल म्हणजे येता-जाता वेळ घालवणारे. मेल्या, मी येता-जाता? माझे टोमॅटो दुपारी दोनला तयार होतात म्हणून दोन महिने मी दुपारची आडवी झालेली नाही. नात्यातलं एक बारसं भेंडीपायी बुडवलं. (कोणाला सांगू नकोस, अंगात कणकण आहे असं कळवलं होतं.) आणि तू? तुझी आई देवळ्याहून सांगत होती, तुझं ते महागाचं गेमचं मशीन टीव्हीखाली धूळ खातंय आणि तू सिग्नलला गाडी थांबली की मोबाईलवर रंगीत गोट्या फोडतोस. तेही दिवा हिरवा होईपर्यंत. आता तूच सांग, आपल्या दोघांत कट्टर कोण?

बाकी एके काळी तू कट्टर होतास, हे मी कोर्टातसुद्धा सांगेन. शाळेसाठी तू आमच्याकडे देवळाली कॅम्पात राहायचास, तेव्हा बाजारामागच्या त्या व्हिडिओ गेमच्या दुकानात तुला शोधायला मी पोळ्या अर्धवट टाकून यायचे. कान धरून न्यायचं ठरवूनच यायचे, आणि तू मान न वळवता म्हणायचास, “मावशी, एकच लाइफ राहिलीय.” मग मी आपली पिठाच्या हातांनी तुझ्या मागे उभी. पोरं, सुट्टीवरचे दोन-तीन जवानसुद्धा, आपला खेळ सोडून तुझा खेळ बघायचे. कोण कोणाला मारतंय ते मला ओ की ठो कळायचं नाही, पण ती लाइफ लवकर संपू नये असं वाटायचं. घरी आल्यावर रागवायचे ते नुसतं दाखवायला. ते दिवस फार आठवतात रे. आता तुझ्या मागे उभं राहायचं म्हटलं तर रिझर्व्हेशन काढावं लागतं.

म्हणून तर तुला गेममध्ये माझ्या शेजारचं शेत घ्यायला लावलं. म्हटलं, बांधाला बांध असला की येणं-जाणं राहील. तू भोपळे लावलेस आणि गेलास तो पुन्हा फिरकला नाहीस. भोपळे वाळून काळे पडलेत. दुसऱ्याचं पीक काढता येत नाही, नुसते कावळे हाकता येतात. ते मी रोज हाकते.

बाकीचे शेजारी मात्र गुणी. गेल्या रविवारी मला गेममध्ये गोठा बांधायचा होता, त्याला दहा शेजाऱ्यांची मदत लागते. कॉलनीतल्या नऊ पोरांनी आपापल्या घरून बटन दाबलं. दहावा तू यायचा होतास. वाट पाहून पाहून शेवटी पूजाच्या मैत्रिणीने दाबलं. आता आपल्या देवळ्याला इर्जिक झाली, म्हणजे गावाने आपापले बैल आणून एका दिवसात शेत उरकून दिलं, की त्या घराने सगळ्यांना जेवू घालायचं असतं. कामाला आलेली माणसं उपाशी घालवायची हे मला जमेना. घरोघरी निरोप दिला, गोठा झाला, जेवायला या. पोरांना लाज वाटली, ती आली नाहीत. आले त्यांचे आईबाप, ज्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. चंदरभाऊ वास्तुशांत समजून भिंतीवरचं घड्याळ घेऊन आले. तिसऱ्या मजल्यावर गोठा कुठे बांधला, म्हणून सगळे गॅलरीत डोकावून बघायला लागले. दाखवते म्हणून कॉम्प्युटरपाशी नेलं, तेवढ्यात लोडशेडिंग! मग मंडळी काळ्या पडद्यासमोर बसून मुकाट्याने पिठलं-भाकरी जेवली. कुसाबाईंनी हळूच विचारलं, गाय दूध किती देते? काय सांगणार, कर्म माझं! अजून व्यायची आहे म्हटलं.

असो. भांडण संपलं. वेळेवर जेवत जा.

तुझी,
सिंधूमावशी (येता-जाता)

ता. क. चार डिसेंबरला माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. मी मुळीच घाबरलेली नाही. डॉक्टर म्हणतात महिनाभर कॉम्प्युटरकडे बघायचं नाही, तर तेवढे दिवस माझं शेत तू बघ. रजाबिजा काढून येऊ नकोस.

ता. क. २. रजा मिळत असेल तर गोष्ट वेगळी.

ता. क. ३. खरं सांगू? हा गेम मला आवडत नाही. कांदा चार तासांत येतो, हे कांदेवाल्यांच्या लेकीला कसं पटावं?

ता. क. ४. पासवर्ड लागेल. लहानपणी मी तुला ज्या नावाने हाक मारायचे तेच, इंग्रजीत. फोनवर म्हटलं की तुला लाज वाटते, म्हणून रोज सकाळी तिथे एका बोटाने लिहिते. पुष्कळदा त्यानंतर खेळतही नाही.